सुखी माणसाचा सदरा



व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र आले तेव्हा मला वाटले, विषय कामगार कायद्याचा असणार. पत्र उघडून पाहतो तो त्यात ‘सुख’ हा शब्द! हा प्रांत तत्त्वज्ञांचा आणि कीर्तनकारांचा. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काय झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्यांच्या दारात. तेव्हा मी शास्त्र सांगणार नाही. ज्या माणसांत तीस वर्षे काढली ती कशाने सुखी झाली आणि कशाने खचली, एवढेच सांगेन. आणि त्या ओघात माझी स्वतःची एक चूकही कबूल करीन.

सुखी माणसाच्या सदऱ्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. राजा आजारी पडतो. त्याला सांगण्यात येते की, सुखी माणसाचा सदरा अंगात घातलास तर बरा होशील. शिपाई राज्यभर हिंडतात. सरदार, सावकार, पंडित, कोणीच सुखी निघत नाही. अखेर झाडाखाली गात पडलेला एक माणूस सापडतो. तो म्हणतो, मी सुखी आहे. पण त्याच्या अंगात सदराच नसतो! येथे गोष्ट संपते आणि मुलांनी तात्पर्य काढायचे असते की, सुख वस्तूंत नाही.

मी विणकरांच्या गावात वाढलो. १८७७ साली सोलापुरात पहिली गिरणी सुरू झाली, आणि गावातल्या हातमागांवर तर त्याच्याही आधीपासून कापड निघत होते. म्हणून असेल, पण ही गोष्ट ऐकली की मला पहिली शंका येते ती अशी, की राजाचे शिपाई त्या माणसाकडे कोणत्या महिन्यात गेले होते? बहुधा चैत्रात गेले असावेत. पौषातल्या पहाटे गेले असते तर त्याने काय उत्तर दिले असते, ते गोष्टीत नाही.

गरिबाने समाधान मानावे, हा उपदेश आपल्याकडे फार जुना आहे, आणि तो करणारे पुष्कळदा जेवून उठलेले असतात. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त ‘सुखदुःखविवेक’ नावाचे एक प्रकरण आहे. विशीत मी ते तीनदा वाचले तेव्हा थोडेसे कळले. त्यातली एक गोष्ट मात्र मनात रुतून बसली. प्रत्येक असंतोष वाईट नसतो, असे टिळक तेथे सांगतात. हाव सुटणे वेगळे, आणि आहे त्याहून चांगल्या स्थितीसाठी धडपडणे वेगळे. हा भेद वाचला आणि मला संघटनेचे काम करायला धीर आला.

आता या सुखाचे मोजमापही निघाले आहे. हॅडली कँट्रिल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ च्या आपल्या ग्रंथात शिडीची एक युक्ती मांडली. मनात एक शिडी आणा. सर्वांत वरची पायरी म्हणजे तुम्हाला शक्य असलेले उत्तमातले उत्तम जीवन, सर्वांत खालची म्हणजे वाइटातले वाईट. आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात ते सांगा. शून्य ते दहाच्या याच शिडीवर २०१२ पासून जागतिक सुखाचे अहवाल निघतात. २०२५ च्या अहवालात फिनलंड पहिला होता, आणि १४७ देशांत आपला क्रमांक ११८ वा.

मला वाटले, ही शिडी आपणही लावून पाहावी. कुंभारीला विडी कामगार महिलांची वसाहत आहे. गोदूताई परुळेकरांचे नाव दिलेली ही दहा हजार घरे आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे लढून मिळाली, आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचे वाटप झाले. तेथल्या एका ओट्यावर एक अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसल्या होत्या. मी त्यांना शिडी समजावून दिली. त्यांचा हात थांबला नाही. दोन विड्या वळून झाल्यावर म्हणाल्या, “अण्णा, शिडी कुणाच्या भिंतीला लावलीय, ते सांगा की आधी.”

मी म्हणालो, म्हणजे काय? तर त्या सांगू लागल्या. लग्न झाल्यापासून भाड्याच्या एका खोलीत होत्या. धाकटी बहीण गावाहून आली, तर संध्याकाळच्या गाडीची वेळ आपणच तिला आठवण करून द्यायची, कारण रात्री तिला निजवायचे कोठे? “सख्ख्या बहिणीला ‘राहा’ म्हणता येत नव्हतं, अण्णा. आता म्हणते. परवा चार दिवस राहून गेली.” एवढे बोलून त्या हसल्या. तंबाखूने कमाई वाढलेली नाही, गुडघे दुखतात, मुलाला बेताचे काम आहे. हे सारे त्यांनी सांगितले. पण घराचे सुख त्यांनी विटासिमेंटात मोजले नाही. बहिणीला ‘राहा’ म्हणता येण्यात मोजले. २०२४ च्या जानेवारीत कुंभारीजवळच्याच रे नगरातली पंधरा हजार घरे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते असंघटित कामगारांना मिळाली, तेव्हा मला त्या अक्काच आठवल्या. पंधरा हजार घरांत किती बहिणी मुक्कामाला राहतील, हा हिशोब कोणत्या अहवालात येतो?

आता माझी चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी विडी कामगारांच्या एका मागणीपत्रकाची भाषा मी लिहिली. पहिली मागणी हजारी मजुरीची, दुसरी बोनसची, अशा बारा मागण्या. शेवटची मागणी बायकांनी हट्टाने घालायला लावली होती. दिवसभर वळलेला माल कारखान्यात नेला की तपासणारा त्यातल्या काही विड्या छाट म्हणून बाजूला काढी, तो बाईकडे न बघता, मोजणी न दाखवता, आणि कधी कधी जुडी तिच्यासमोर भिरकावून देई. छाट आमच्यासमोर मोजून दाखवावी आणि आमच्याशी नीट बोलावे, अशी ती बारावी मागणी. वाटाघाटीत समोरच्यांनी मजुरीत थोडी वाढ कबूल केली आणि बदल्यात ही बारावी सोडा म्हणाले. मी सोडायला निघालो होतो. मनात म्हटले, नीट बोलण्याने काय पोट भरते? पण बाहेर उभ्या असलेल्या बायकांनी ती सोडू दिली नाही. दोन दिवस जास्त बसावे लागले, पण मिळाली.

वर्षाने सभेत मी विचारले, लढ्याने काय मिळाले? मजुरीच्या वाढीचे नाव कोणी घेतले नाही. ती तेलाडाळीच्या भावाने कधीच खाल्ली होती. एक म्हातारी उठली आणि म्हणाली, “आता तो आधी ‘बसा’ म्हणतो.”

मंडळी, त्या दिवशी मला माझा धंदा नव्याने शिकावा लागला. मजुरी महत्त्वाची नाही, असा अर्थ कृपा करून काढू नका. तसा अर्थ काढणारे मालक मला पुष्कळ भेटले आहेत! पैसा नसला की दुःख असतेच. रिचर्ड ईस्टरलिन या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ साली एवढेच दाखवले की, एका देशात त्या त्या वेळी श्रीमंत माणसे गरिबांपेक्षा अधिक सुखी आढळतात, पण सबंध देशाचे उत्पन्न वर्षानुवर्षे वाढत गेले म्हणून लोकांचे सुख त्या मानाने वाढतेच असे नाही. यावर पंडितांत अजून वाद आहे. माझ्या अनुभवापुरते सांगायचे तर मिळालेल्या रुपयाची सवय होते. मिळालेल्या मानाची सवय झाली, तरी तो पुन्हा कोणी काढून घेतला तर माणूस पेटून उठतो.

दुसरी गोष्ट माझ्या घरातली. माझे वडील गिरणीत साळखात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते पन्नाशीत होते. आम्ही उपाशी राहिलो नाही. आई विड्या वळीत होती. पण पहाटे भोंगा वाजत नसतानाही ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठून बसत. गिरणी चालू असताना दमून आल्यावरही ते रोज वाचनालयात जाऊन वर्तमानपत्र वाचीत. आता सबंध दिवस मोकळा होता, आणि त्यांनी वाचनालयच सोडले. मला त्यांचा राग येई. मला वाटे, हे आळशी झाले.

पुढे ते गेल्यावर एका पुस्तकात मला मारिएन्थालची हकिकत वाचायला मिळाली. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ हे कापड गिरणीचे गाव. १९३० साली गिरणी बंद झाली आणि जवळजवळ सबंध गाव बेकार झाले. मारी याहोदा व तिच्या सहकाऱ्यांनी तेथे जाऊन पाहणी केली. १९३३ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यांनी काय पाहिले? रस्त्यावरून चालणाऱ्या पुरुषांचा वेग मंदावला होता. ते वरचेवर थांबत. बायका मात्र भराभर चालत, कारण घरकाम काही बंद पडले नव्हते. लोकांना वेळच वेळ होता, आणि गावच्या वाचनालयातून जाणारी पुस्तके निम्म्यावर आली होती! ते वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. हजारो कोसांवरच्या त्या गावात माझे वडील चालत होते. माझा राग चुकला होता, आणि तो मागे घ्यायला ते उरले नव्हते.

याहोदाबाईंनी पुढे लिहिले की, कामाने पैशाखेरीज दिवसाला आकार येतो, चार माणसांची गाठ पडते, आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत असे वाटते, समाजात ओळख राहते आणि हातपाय चालते राहतात. हे सारे एकदम गेले की हाती उरलेला वेळ हा आराम राहत नाही.

म्हणून गिरणीचे दिवस सोन्याचे होते असेही मी म्हणणार नाही. त्या मागांच्या आवाजाने वडिलांचे कान गेले होते. कामातले सुख कामाला मर्यादा असेल तरच. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टीसुद्धा मागून घ्यावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी खटपट केली. १८९० साली मुंबईत कामगारांची मोठी सभा भरली, तीत दोन स्त्रियाही बोलल्या, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. कारखान्यातला आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर यायला १९४६ साल उजाडावे लागले. रविवारी मुलाला खांद्यावर घेऊन जत्रेला जाणाऱ्या बापाचे सुख हे असे सभा भरवून, अर्ज लिहून मिळालेले आहे. आपल्याला वाटते, रविवार पंचांगातून आला!

तर माझ्या अनुभवाचे सार एवढेच. सुख हे मनातच असते, याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते मनात शिरायला बाहेरची तीन दारे उघडी लागतात. उद्याची धास्ती नसावी. हाताला काम असावे आणि त्या कामाला मर्यादा असावी. आणि आपल्याशी बोलताना समोरच्याने ‘बसा’ म्हणावे. ही दारे एकट्याच्या जोराने उघडत नाहीत, निदान मी तरी उघडलेली पाहिली नाहीत. आणि ती उघडल्यावरही एखादा सुखी होणार नाही, हे मला ठाऊक आहे. तेथून पुढचे काम कीर्तनकारांचे.

जाता जाता पुन्हा त्या गोष्टीकडे येतो. राजाने एवढे शिपाई धाडले ते त्या माणसाचा सदरा आणायला. त्याला सदरा नाही हे कळल्यावर ते तसेच परतले, आणि गोष्ट सांगणाऱ्यालाही त्यात काही खटकले नाही. बाबा रे, तुला एक शिवून देऊ का, असे त्याला कोणीच विचारले नाही. आपल्या गावाला कापड विणता येते. ते विचारण्याचे काम तरी आपण करू या.