पंधरा सेकंदांची शिदोरी

१९४० साली ब्रिटनच्या आकाशात लढलेल्या स्पिटफायर विमानाच्या पंखांत आठ ब्राउनिंग मशीनगन असत. प्रत्येकीला सुमारे तीनशे गोळ्यांचा पट्टा. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण बटण दाबून धरलं, तर जेमतेम पंधरा सेकंदांत सारा साठा संपे. म्हणून वैमानिक दोन-तीन सेकंदच मारा करत.

गनच्या तोंडांवर कापड चिकटवलेलं असे, आत थंडी, ओल शिरू नये म्हणून. ते फाटलेलं दिसलं, की जमिनीवरच्या कामगारांना कळे: विमान लढून आलंय. लगेच पंखांची झाकणं उघडून ते नवे पट्टे भरत. पट्ट्यात एखादी गोळी जरा पुढंमागं बसली, तरी ऐन झुंजीत गन अडे.

पराक्रमाच्या कथांत वैमानिकांची नावं येतात. मला वाटतं, गोळी न् गोळी चाचपणारी ती बोटंही तितकीच लढत होती.