दुरुस्ती तिकडे, बिघाड इकडे
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'तू कंपनीत नक्की काय करतेस ते दहा मिनिटांत सांग,' असं समितीने मला बजावलंय. आईला हे वीस वर्षांत समजावता आलेलं नाही. ती शेजाऱ्यांना 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगते. पण समोर पालघर-बोईसरची मंडळी आहेत, म्हणून माझं काम सोपं आहे. मी मेंटेनन्सला आहे.

इंजिनिअर झाल्यावर पहिली बारा वर्षं मी अंधेरीत होते. डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ मध्ये. तोवर शटल आणि पासवाल्यांच्या डब्यातली चौथी सीट, हे इथे कुणाला वेगळं सांगायला नको. तिथे आम्ही युरोपातल्या एका विमा कंपनीची सॉफ्टवेअर सांभाळायचो. आता बाजू उलटली आहे. माझी सध्याची कंपनी औषधं बनवते. प्रत्येक बॅचची नोंद ठेवणारं तिचं सॉफ्टवेअर परदेशी आहे आणि त्याची देखभाल दोन देशांतल्या दोन ठेकेदार कंपन्या करतात. त्यांच्याकडून ती करून घेणं, ही माझी नोकरी.

सॉफ्टवेअर झिजत नाही, मग मेंटेनन्स कसला, असं एका वर्गमित्राने मागे विचारलं होतं. पंपाचं सील जातं तसं त्यात काही जात नाही, हे खरं. पण भोवतालचं जग बदलतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि देशातलं बिलांचं प्रत्येक सॉफ्टवेअर एका रात्रीत जुनं झालं. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे नेतात. मध्य युरोपात त्या पहाटे दोन ते तीन हा तास दोनदा येतो. अडीचला आपोआप सुरू होणारं काम नीट बांधलेलं नसेल तर तेही दोनदा होतं, आणि विम्याचा हप्ता दोनदा कापला जातो. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच ते साडेसात. आमच्या कितीतरी दिवाळ्यांच्या आसपासचा एक रविवार त्या दोन तासांवर पहारा देण्यात गेला आहे.

आता ठेक्याचं बघा. करारात सगळं वेळेवर मोजलेलं असतं. तक्रार नोंदवली की अमुक मिनिटांत उत्तर, अमुक तासांत दुरुस्ती, नाहीतर दंड. तक्रार गेली की घड्याळ सुरू होतं आणि तिकडून आपल्याला प्रश्न आला की ते थांबतं. म्हणून प्रश्न येतात. 'कृपया स्क्रीनचा फोटो पाठवा.' फोटो आधीच जोडलेला असतो! ठेकेदाराच्या बाजूला बारा वर्षं बसल्यामुळे ही युक्ती मला लांबून ओळखू येते.

पण खरी अडचण वेळेची नाही. तारापूर एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी ती पाहिली आहे. जुना फिटर निवृत्त होतो, मेंटेनन्स ठेक्यावर जातं आणि ठेकेदाराची माणसं दर काही महिन्यांनी बदलतात. कुठला व्हॉल्व्ह अर्धा फेरा जास्त फिरवावा लागतो, हे रजिस्टरमध्ये कुठेच नसतं. आमच्याकडेही तेच. तिकडचा मुलगा वर्षभरात आमची यंत्रणा शिकतो, मग जास्त पगारावर दुसरीकडे जातो. नव्याला आम्हीच शिकवतो आणि त्या तासांचं बिलही आम्हीच भरतो. (यावर कुणी हसलं नाही तरी चालेल, मलाही हसू येत नाही.)

दोन वर्षांपूर्वी एका रात्री एक बॅच अडकली. माल तयार होता, पण नोंद पुरी होईना, आणि नोंदीशिवाय औषध गेटबाहेर जात नाही. ठेकेदाराचं उत्तर बारा मिनिटांत आलं, म्हणजे कराराप्रमाणे सगळं ठीक! त्यानंतर एकोणीस तास तिकडे कुणालाच काही सापडलं नाही. शेवटी आमच्याच कंपनीतल्या दोघांनी मूळ कोड उघडला आणि गाठ सोडवली. पुढच्या मार्चमध्ये हिशेबखात्याने विचारलं, देखभाल ठेक्यावर आहे, मग हे दोघे कशाला?

साहेबांना उत्तर देताना मी आपलं तारापूर सांगितलं. अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधून दिल्या, वीज सुरू झाली १९६९ मध्ये. इंधन तीस वर्षं अमेरिकेने पुरवायचं, असा १९६३ चा करार. मग १९७४ ला पोखरणचा स्फोट झाला, १९७८ मध्ये अमेरिकेने स्वतःचा कायदा बदलला आणि पुरवठा अडला. सुट्या भागांचीही अडवणूक झाली. करार होता तसाच होता, समोरच्या देशाचा विचार बदलला. १९८२ मध्ये इंधनासाठी फ्रान्सशी जमवावं लागलं. पुढे दुय्यम बाष्पजनित्रांनी दगा दिला, तेव्हा ती बाजूला काढून २१० मेगावॉटची भट्टी १६० वर चालवली. पण चालवली. ते जमलं, कारण यंत्र आतून ओळखणारी माणसं इथे, कॉलनीत राहत होती. आपल्या वर्गातल्या काहींचे वडील त्यांत होते. नंतरच्या ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या तर आपल्या लोकांनीच बांधल्या, २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या.

साहेब मूळचे चेन्नईचे, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोघांना वर्षभराची मुदत मिळाली. येत्या मार्चमध्ये तोच प्रश्न पुन्हा येणार आहे. मी या वेळी त्या एकोणीस तासांत अडकलेल्या मालाची किंमत काढून ठेवली आहे, कारण हिशेबखात्याला अणुभट्टीपेक्षा ती लवकर कळते.

इथे कारखाना चालवणारे बरेच जण आहेत. जर्मन नाहीतर चिनी मशीन घेतलं असेल, तर त्याच्या कंट्रोल पॅनेलचा पासवर्ड तुमच्याकडे आहे की फक्त त्यांच्याकडे, ते उद्या बघा. विकणारी कंपनी बुडाली किंवा विकली गेली तर मूळ कोड तुम्हाला मिळेल का, हेही करारात शोधा. बहुतेक ठिकाणी ते कलमच नसतं. नूतनीकरणाच्या वेळी मागितलं तर कोड तिसऱ्याकडे ठेव म्हणून ठेवायला पुष्कळ कंपन्या तयार होतात, आपण मागत नाही एवढंच. जेवणानंतर मी मागच्या व्हरांड्यात, आपल्या जुन्या दहावी 'ब' च्या दाराशी बसणार आहे. कुणाकडे असं करारपत्र असेल तर मोबाइलवर घेऊन या, वाचून देते. फी म्हणून एक जास्तीची जिलबी चालेल.