बी वाईट नव्हते



मृगाची पहिली सर पडली की पांढुर्णा आणि सौंसर भागांतील शेतकऱ्याचे चित्त घरात ठरत नाही. शेजाऱ्याची तिफण निघाली की आपलीही निघते. सोयाबीन, चवळी मातीत पडते आणि पुढे पंधरा दिवस आभाळ कोरडे राहते. मग दुबार पेरणी, नवे कर्ज आणि बियाण्याला दोष! त्या पंधरा दिवसांत मातीखाली काय घडले, ते आज पाहू.

उगवण्यासाठी सोयाबीनच्या बीला आपल्या वजनाच्या निम्म्याइतके पाणी प्यावे लागते. मक्याला सुमारे ३० टक्के पुरते. माती सुकू लागली म्हणजे ती उरलेले पाणी घट्ट धरून ठेवते आणि बी अर्धवट फुगून राहते. येथवर ते सुकले तरी एखादे वेळी तगते. परंतु मूळ बाहेर पडले की परतीची वाट बंद होते. त्या कोवळ्या मुळाला कोरड सोसवत नाही.

आमच्या वर्गातील मुलांनी तीन कुंड्यांत चवळी पेरली. पहिलीत नित्य ओल राखली, दुसरीत पाणी बेताचे दिले, तिसरीतले मोड येताच तोडले. दुसरीतील रोपे उशिरा वर आली व खुजी राहिली. मुळे मात्र उंचीच्या मानाने लांब होती. टंचाईत रोप शेंड्याचा खर्च आखडून मुळावर करते. तिसऱ्या कुंडीत नंतर पाणी घातले, पण काही उगवले नाही. ती कुंडी पाहून, ज्याच्या घरी दुबार पेरणी झाली होती तो मुलगा हळूच म्हणाला, “सर, म्हणजे आमचं बी वाईट नव्हतं.”

म्हणून पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहावेत. सोयाबीनचे ७० तरी उगवले पाहिजेत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्यावरच, ३ ते ५ सेंटिमीटर खोलीवर पेरावे. बरड जमीन लवकर सुकते; तेथे अधिक धीर धरावा. शेजाऱ्याची तिफण पाहण्याआधी आपल्या शेतातील माती मुठीत घेऊन पाहावी. चार दिवसांचा उशीर भरून निघतो. सुकलेला मोड पुन्हा हिरवा होत नाही.