हिशेब आधी, आभार नंतर



सकाळपासून या साहित्य संमेलनाच्या मांडवात सर्वांत जास्त वेळा ज्यांचं नाव घेतलं गेलं ते ज्ञानोबाही नाहीत आणि तुकोबाही नाहीत. ते आमचे स्वागताध्यक्ष आहेत. त्यांच्यामुळे मांडव, त्यांच्यामुळे जेवण, ग्रंथदिंडीतलं लेझीम पथकही त्यांच्यामुळेच. साहेब, तुम्ही खटपट केलीत, हे मान्य. पण अनुदान सरकारचं, मैदान शाळेचं, वर्गणी बाजारपेठेची आणि गाड्या कारखान्याच्या, म्हणजे ऊस घालणाऱ्यांच्या. यात तुमच्या खिशातलं काय, ते कार्यक्रमपत्रिकेत मला सापडलं नाही. फोटो मात्र पानोपानी सापडला.

लोकांना आपलंसं करण्याची आपल्याकडची रीत हीच: लोकांचंच घ्यायचं आणि त्यांनाच ओवाळणी म्हणून घालायचं. 2024 च्या जूनमध्ये अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन हप्त्यांचे मिळून 3000 रुपये खात्यांवर पडू लागले. 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. लाभार्थींच्या छाननीला जोर चढला तो निकालानंतर. त्या पैशांतून जिने औषध आणलं, पोराची फी भरली, तिला हसणाऱ्यांत मी नाही. हसणाऱ्यांनी महिना 1500 रुपयांत एक किराणा यादी लिहून दाखवावी. माझं भांडण जोडलेल्या नात्याशी आहे. सरकारकडे हक्क मागता येतो, कोर्टात जाता येतं. भावाला मात्र ओवाळावंच लागतं, आणि हिशेब विचारणारी बहीण कृतघ्न ठरते.

आणि आपण लेखक? आपल्याला तर 1500 सुद्धा लागत नाहीत. आपल्याला शाल, श्रीफळ आणि पुढच्या रांगेतली खुर्ची पुरते. डिसेंबर 2022 मध्ये कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या मराठी अनुवादासाठी अनघा लेले यांना राज्य शासनाने पुरस्कार जाहीर केला आणि काही दिवसांतच तो रद्द केला. निवड समितीसुद्धा बरखास्त केली. काहींनी आपले पुरस्कार नाकारले, काहींनी समित्यांचे राजीनामे दिले. त्यांना माझा नमस्कार. बाकीचे आपण पुढच्या वर्षीच्या प्रवेशिकांना पुस्तकाच्या प्रती जोडत होतो.

नकार कसा द्यायचा, ते जोतीरावांकडून शिकावं. जोतीराव फुल्यांना 1885 साली ग्रंथकार सभेचं आमंत्रण होतं, तेही न्यायमूर्ती रानड्यांकडून. जोतीरावांनी पत्राने नकार कळवला. जे आम्हांला माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभेत आम्ही मिसळावं कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल होता. आज असं आमंत्रण आलं तर आपण आधी प्रवासभत्ता विचारू.

आणि आमंत्रण घेऊनही ताठ कसं राहायचं, ते कराडला दिसलं. कराडचं साहित्य संमेलन 1975 चं. आणीबाणी चालू, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी त्यांच्यादेखत लेखकाच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली आणि आजारी जयप्रकाश नारायणांसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. हा प्रसंग सांगताना हल्ली यशवंतरावांच्याच मोठेपणाचं कौतुक जास्त होतं: त्यांनी ऐकून घेतलं! अहो, ऐकून घेतलं त्यात त्यांचं काय गेलं? पुढच्या वर्षी अटक झाली ती दुर्गाबाईंना. सत्तेने गप्प बसून ऐकलं, याचीही आपण पावती फाडायची, इतके आपण हळवे झालो आहोत.

उद्याच्या समारोपात आठ ठराव मांडायचे आहेत. पहिलाच शासनाच्या अभिनंदनाचा आहे. तो मी अध्यक्ष म्हणून मांडू देणार नाही; कुणाला मांडायचाच असेल तर खाली उतरून, स्वतःच्या नावाने मांडावा. त्याऐवजी चिटणिसांनी या संमेलनाचा जमाखर्च वाचायचा आहे. अनुदान किती, वर्गणी किती, कुणाची, मांडवाचं बिल किती आणि माझं मानधन किती, सगळं. साहेब, तुमची स्वतःची देणगी असेल तर ती पहिल्या ओळीत येईल, आणि टाळ्या मीच सुरू करीन. आकडे वाचून होईपर्यंत आभारप्रदर्शनासाठी कुणी माइकजवळ येऊ नये.