परदेशी जाताना: घरोघरी विचारले जाणारे प्रश्न

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणावरून)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा संध्याकाळी खालच्या पटांगणात पोरांचा नुसता गलका असायचा. त्यातली बरीच पोरं आज पुण्या-बंगळुरात, अमेरिकेत, जर्मनीत आहेत. रविवारी सकाळी जिना चढताना प्रत्येक मजल्यावर व्हिडिओ कॉल चाललेला ऐकू येतो.

मी बँकेत नोकरी केली, निम्मी साताऱ्यात आणि निम्मी सांगलीत. शेवटची काही वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर होतो. म्हणून कमिटीने सांगितलं, व्हिसाबद्दल लोक नेहमी विचारतात ते जरा समजावून सांगा. मी वकील नाही. नियम सारखे बदलतात, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी त्या देशाच्या वकिलातीचं अधिकृत संकेतस्थळ बघायचंच.

घर सोडून पोटामागे जाणं आपल्याकडे नवं नाही. खानापूर-आटपाडीची माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर गेली, जावळी-पाटणची माणसं मुंबईत माथाडी झाली. त्यांना वाटेत कुणी "कशाला चाललात, परत कधी येणार?" असं विचारलं नाही. व्हिसा म्हणजे नेमका हाच प्रश्न, आणि उत्तर कागदोपत्री द्यायचं असतं.

पहिला प्रश्न पोरं विचारतात: "शिकायच्या व्हिसावर नोकरी करता येते का?" अमेरिकेत सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला 20 तासांपर्यंत. बाहेर कुठल्या दुकानात गुपचूप काम केलं तर व्हिसाचा दर्जा जातो. पदवीनंतर आपल्या विषयातल्या कामासाठी 12 महिने मिळतात. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या शाखांना आणखी 24 महिने. जर्मनीत वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं. पण तिथे व्हिसाआधी वर्षाच्या खर्चाचे पैसे दाखवावे लागतात. त्यासाठी बहुतेक पोरं बंद खात्यात पैसे ठेवतात. 2024 च्या सप्टेंबरपासून ती रक्कम 11,904 युरो झाली.

पुढचा प्रश्न: "मग तिथेच नोकरीला लागलं की झालं ना?" नाही, तिथून वेगळी रांग सुरू होते. अमेरिकेचा एच-1बी कामाचा व्हिसा कंपनीने मागायचा असतो. वर्षाला 65,000 आणि तिथल्या उच्च पदवीधरांसाठी आणखी 20,000. अर्ज जास्त आले की निवड होते, म्हणजे सगळ्यांचा नंबर लागत नाही. लागला तरी साधारण तीन अधिक तीन, अशी सहा वर्षं. ग्रीन कार्डात एका देशाच्या वाट्याला 7 टक्क्यांची मर्यादा आहे, देश लहान असो की आपल्याएवढा. म्हणून आपली मुलं दहा-दहा वर्षांहून जास्त थांबतात. शिकायचा, कामाचा आणि कायम राहायचा, हे तीन वेगळे दरवाजे आहेत. एकातून आत गेलं म्हणून दुसरा आपोआप उघडत नाही.

आपल्या वयाच्या मंडळींचा प्रश्न: "आमच्या व्हिसावर दहा वर्षं लिहिलंय, मग सहा महिन्यांत परत का यायचं?" दहा वर्षं ही दारापर्यंत जायची मुदत. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. त्याने दिलेली तारीख चुकवू नका.

दुसरं, मुलाकडे ग्रीन कार्ड असेल तर तो आईवडिलांसाठी अर्ज करू शकत नाही. तो नागरिक झाला आणि 21 वर्षांचा असला तरच. आणि आपल्याला कार्ड मिळालं तरी वर्षानुवर्षं इथेच राहिलो तर ते हातचं जाऊ शकतं.

आखातात जाणाऱ्या पोरांच्या आया विचारतात, "एजंट खरा कसा ओळखायचा?" 1983 च्या कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीची भरती करणाऱ्याकडे केंद्र सरकारची नोंदणी लागते. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर त्याचं नाव बघता येतं. त्याला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. "आधी टुरिस्ट व्हिसावर चल, मग बघू" असं कुणी म्हणालं, तर तिथूनच मागे फिरा.

नावाचा घोळ तर घराघरात. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नाही, आणि वडील एका कागदावर "विठ्ठल" तर दुसऱ्यावर "विठ्ठलराव". हे निस्तरायला महिने जातात. मूल दहावीत गेलं की सगळे कागद एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचा.

आता माझ्याच घरची गोष्ट सांगतो. सांगावी की नाही, म्हणून सौ.शी दोन दिवस बोललो.

2008 साली आमच्या थोरल्याला अमेरिकेत प्रवेश मिळाला. एका सल्लागाराने सांगितलं, खात्यात पैसे कमी दिसतात, महिनाभर कुणाचे तरी आणून ठेवा आणि विचारलं तर वडिलांची बचत म्हणायचं. मी स्वतः बँकेतला माणूस. तरी मेहुण्याचे पैसे आणले आणि पोराला उत्तर पाठ करून दिलं. ब्रीच कँडीच्या खिडकीपाशी साहेबाने विचारलं, वडिलांचा पगार किती? पोराने खरा आकडा सांगितला. त्या पगारात तेवढी बचत बसत नव्हती. पासपोर्ट परत मिळाला आणि सोबत नकाराची चिठ्ठी.

परतीच्या बसमध्ये तो खंबाटकीपर्यंत एक शब्द बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "बाबा, मला खोटं जमत नाही." मला तर बोलायला तोंडच नव्हतं.

आम्ही वाचलो, हे मला नंतर कळलं. फसवणूक ठरली असती तर अमेरिकेत प्रवेशाची बंदी कायमची होते. कॅनडात ती पाच वर्षांची आहे, इंग्लंडमध्ये दहा वर्षांपर्यंत जाते. मेहुण्याचे पैसे त्याच आठवड्यात परत केले. पुढच्या वर्षी राहतं घर तारण ठेवून रीतसर कर्ज काढलं. "पूर्वी व्हिसा नाकारला आहे का?" या रकान्यात "होय" लिहिलं. साहेबाने विचारलं, या वर्षी काय बदललं? पोरगा म्हणाला, आता पैसे कुठून आले ते मी सांगू शकतो. व्हिसा मिळाला.

मिळालाच असता असं मी म्हणणार नाही. अभ्यासाचा व्हिसा मागणारा माणूस परत येणार नाही, असं अमेरिकेचा कायदा आधीच धरून चालतो. तसं नाही हे आपणच पटवायचं असतं, आणि खरं बोलणाऱ्यालाही नकार येतो. पण खऱ्या माणसाला पुन्हा रांगेत उभं राहता येतं.

शनिवारी संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो. कागद घेऊन या, चहा होईलच. फक्त एजंटाकडे सही करायच्या आधी या.