विमानतळाजवळची एक रात्र
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीचे लोक मला म्हणाले, "तुम्ही अमेरिका बघून आलात, त्याच्यावर दोन शब्द बोला." आता अमेरिका बघून आलो म्हणजे काय, तीन आठवडे राहून आलो. मी सातवी शिकलेला, रिंग खात्यातला माणूस. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमची मिल थांबली ती थांबलीच. मुलगी मात्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर तिकडे शिकायला गेली. मे २०२४ मध्ये तिचा पदवीदान समारंभ होता, म्हणून मी आणि तिची आई गेलो. समारंभाचे सांगत बसलो तर आपलेच कौतुक आपण केल्यासारखे होईल. उंच इमारती तुम्ही टीव्हीवर बघताच. मला बोलायचे आहे ते परतीच्या वाटेवरच्या एका रात्रीबद्दल.

मुलीचे विद्यापीठ अलाबामा राज्यात. आमचे विमान शेजारच्या जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरातून. तिने आम्हाला दोन तास गाडी चालवून विमानतळावर सोडले आणि ती परत फिरली, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तिची नोकरीची मुलाखत होती. इकडे संध्याकाळी वादळ झाले, विजा, पाऊस, आणि विमान रद्द. दुसरे विमान उद्या दुपारी. हवामानामुळे विमान रद्द झाले तर राहण्याचा खर्च तिकडे कंपनी देत नाही. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "पप्पा, मी मागे फिरते." मी म्हटले, "अजिबात नाही, मुलाखत सोडायची नाही. आम्ही बाकड्यावर बसतो, आम्हाला दादर स्टेशनची सवय आहे." पण तिने ऐकले नाही. फोनवरूनच विमानतळाजवळची एक खोली घेतली. भाडे किती ते तिने अजूनपर्यंत सांगितलेले नाही.

त्या हॉटेलला तिकडे 'एक्स्टेंडेड स्टे' म्हणतात, म्हणजे लांब मुक्कामाचे हॉटेल. ही कल्पना १९७५ मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावात जॅक डिबोअर नावाच्या बिल्डरने काढली. बदली होऊन आलेले अधिकारी, महिना-दोन महिने कामावर आलेले इंजिनियर, यांना रोज बाहेरचे खाऊन कंटाळा येतो. म्हणून खोलीतच शेगडी, फ्रीज, भांडी धुवायची जागा. आमची खोली तशीच होती. दोन चुलींची विजेची शेगडी, मोठा फ्रीज. भांडी खोलीत नव्हती, खाली काउंटरवर मागावी लागत. चादरी रोज बदलत नाहीत, आठवड्यातून एकदा. खाली जेवणाचे हॉटेल नाही. बाहेरून म्हणाल तर दोन मजली इमारत, लांब गॅलरी आणि गॅलरीत ओळीने दारे. आमची ही बघून म्हणाली, "अहो, ही तर चाळच आहे की!"

काउंटरवर एक गुजराती गृहस्थ होते, नवसारीकडचे. तिकडच्या हॉटेल धंद्यात आपल्या देशातले, त्यातही गुजराती लोक फार आहेत. त्यांची मोठी संघटना १९८९ मध्ये अटलांटातच स्थापन झाली. त्यांनी पासपोर्ट हातात घेतला, आमच्याकडे बघून आनंदाने हसले आणि हिंदीत विचारले, "मुंबई में कहाँ? और सरनेम?" आता सरनेम त्यांच्या हातातल्या पासपोर्टवर लिहिलेले होते. खरे सांगतो, हजारो मैलांवर माझ्या पोटात तोच जुना गोळा आला. मी आडनाव सांगितले, गाव सांगितले, आणि न विचारता "हम बौद्ध हैं" हेही सांगितले. त्यांनी मान हलवली आणि कुकर पाहिजे का विचारले. त्यांनी सहज विचारले असेल. कदाचित नसेलही. त्यांनी स्वतःच्या घरचा कुकर आणून दिला, हे मात्र खरे, आणि ते सांगायलाच पाहिजे.

आमच्या हिने मुलीने बांधून दिलेले डाळ-तांदूळ शिजत घातले. मी खिडकीत बसलो. समोरून विमाने उतरत होती, दर दोन मिनिटांनी एक. मला झोप येईना, कारण डोक्यात बडोदा आले होते. तुम्हा सर्वांना तो प्रसंग माहीत आहे, तरी लहान मुलांसाठी सांगतो. १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि करारानुसार बडोद्याला नोकरीवर गेले. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी सरायीत खोटे पारशी नाव लिहून राहावे लागले. वरच्या मजल्यावर अडगळ, अंधार, एक कंदील. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे आली आणि संध्याकाळपर्यंत चालते व्हा म्हणाली. दोन मित्रांना आसरा मागितला, दोघांनीही टाळले. मग गाडीच्या वेळेपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. आणि मी, सातवी पास, माझ्या खऱ्या नावाने, बायकोसह, गादीवर बसलो होतो.

अटलांटाचीही अशीच गोष्ट आहे, ती मुलीने येताना गाडीत सांगितली होती. तिथे 'हार्ट ऑफ अटलांटा' नावाचे २१६ खोल्यांचे मोटेल होते. काळ्या माणसाला खोली नाही. एकट्या त्या मोटेलचे कशाला, सगळ्या दक्षिणेत हेच. काळ्या प्रवाशांना कुठे झोपायला मिळेल याचे पत्ते देणारे एक पुस्तकच १९३६ पासून निघत असे, त्याला ग्रीन बुक म्हणत. जुलै १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला, की हॉटेलवाल्याने रंग बघायचा नाही. हा मोटेलवाला लगेच कोर्टात गेला. म्हणाला, माझी मालमत्ता, कोणाला ठेवायचे ते मी ठरवणार. १४ डिसेंबर १९६४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. अटलांटा हे मार्टिन ल्यूथर किंग यांचे गाव. त्यांच्या गावात हा दरवाजा उघडला गेला. आज त्या मोटेलच्या जागी दुसरे मोठे हॉटेल आहे.

इथपर्यंत मी विचार करत आलो आणि मला बरे वाटले. मग रात्री अकराच्या सुमारास मी पिण्याच्या बर्फाच्या मशीनकडे गेलो, तर गॅलरीत काय दिसावे? एका दारासमोर लहान मुलांच्या चपला-बूट, एक तीनचाकी सायकल. दुसऱ्या दारात कुंडी. प्रवाशाच्या खोलीपुढे कुंडी कशी? कपडे धुवायच्या मशीनजवळ आमच्या हिला एक बाई भेटली. काळी बाई, विमानतळावर सफाईचे काम, दोन मुले. हिचे इंग्रजी नाही आणि तिची भाषा मलाही अर्धीच कळे, म्हणून फोनवर मुलीला मध्ये घेतले. ती बाई त्या एका खोलीत चौदा महिने राहत होती. आठवड्याला चारशे डॉलर. म्हणजे महिन्याचे सोळाशेच्या वर गेले. तेवढ्यात लहान घर भाड्याने मिळाले असते, पण घरमालकाला आधी दोन-तीन महिन्यांची रक्कम एकदम पाहिजे, बँकेतला व्यवहार स्वच्छ पाहिजे. आणि हिला एकदा भाडे थकल्यामुळे कोर्टाने घर खाली करायला लावलेले, ते कागदावर कायमचे चिकटलेले. हॉटेलवाला यातले काही विचारत नाही. आठवड्याचे पैसे टाका आणि राहा. नाही टाकले की सकाळी किल्लीचे कार्ड चालत नाही.

पुढचे मुलीने समजावले. बऱ्याच राज्यांत तीस दिवस सलग राहिले की पाहुण्याला भाडेकरूचे काही हक्क मिळू शकतात. म्हणून काही ठिकाणी अठ्ठाविसाव्या दिवशी माणसाला बाहेर काढतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा घेतात. बंधूंनो, ही युक्ती आपल्याला नवीन आहे का? बदली कामगाराला कायम होण्याआधी ब्रेक देतात ते काय वेगळे? मी चार वर्षे बदलीवर काढली आहेत. मशीन तेच, माणूस तोच, पण कागदावर दरवेळी नवा.

आणखी एक गंमत ऐका. शाळेच्या बाबतीत तिकडे मॅकिनी-व्हेंटो नावाचा १९८७ चा कायदा आहे. घर परवडत नाही म्हणून हॉटेलात राहणारी मुले त्या कायद्याने बेघर धरतात आणि त्यांना शाळेत नेण्याची सोय करतात. पण घरबांधणी खाते त्याच कुटुंबाला साधारणपणे बेघर धरत नाही, कारण ते स्वतःच्या पैशाने खोलीत राहते! म्हणजे मूल शाळेच्या बसमध्ये बेघर, आणि संध्याकाळी आईजवळ आले की बेघर नाही.

हसू नका. आपल्याकडे काय आहे? आमची चाळ धोकादायक ठरली तेव्हा दोन वर्षांसाठी म्हणून संक्रमण शिबिरात पाठवले. मुलगी तिथेच पहिलीत गेली आणि तिथूनच दहावी झाली. शिष्यवृत्तीच्या अर्जावर कायमचा पत्ता असा रकाना होता. ती मला म्हणाली, "पप्पा, इथे काय लिहू?" मी गावचा पत्ता घालायला सांगितले, जिथे आमची एक भिंत उभी आहे. या सभागृहात असे किती जण बसले आहेत ते मला माहीत आहे, नावे घेत नाही. ३० दिवसांचा हिशोब तरी तिकडे कोणी करते. आपल्याकडे ३० वर्षांचाही होत नाही.

मी बडोद्याच्या आठवणीने खूष झालो होतो, तो अर्धाच विचार होता. सरायीचा दरवाजा उघडण्यासाठी माणसांनी मार खाल्ला, कोर्ट केले. दरवाजा उघडला. पण त्या गॅलरीत मला जे राहणारे दिसले, त्यात बहुतेक त्याच लोकांची नातवंडे होती ज्यांना पूर्वी तिथे पाय ठेवू देत नसत. पूर्वी त्यांना आत घेत नव्हते, आता त्यांना तिथून बाहेर पडता येत नाही.

सकाळी साडेसहाला शाळेची पिवळी बस थेट हॉटेलच्या फाटकात आली. सात-आठ मुले दप्तरे घेऊन निघाली, त्यात त्या बाईचीही दोन. ती रात्रपाळी करून नुकतीच झोपली असेल असे वाटले, पण गॅलरीत उभी होती. आमच्या हिने उरलेले डाळ-तांदूळ आणि मसाल्याची डबी तिला दिली आणि डाळीत पाणी किती घालायचे ते बोटाने दाखवले. बाईने विचारले, तुम्ही इथे किती दिवस? एवढे इंग्रजी हिला कळले. हिने एक बोट वर केले. बाई म्हणाली, एक आठवडा? ही म्हणाली, "नो, नो. वन नाईट." बाई हसली आणि तिने हिचा हात बराच वेळ धरून ठेवला.

मी कुकर घासून खाली परत केला. विमान दुपारी दोनला सुटले. मुलीला ती नोकरी मिळाली नाही, पुढच्या महिन्यात दुसरी मिळाली.