स्कॅनरच्या शेऱ्याला उत्तर कसं द्यायचं?



वेबसाइट तयार असते, गो-लाइव्हची तारीख ठरलेली असते आणि ऑडिटरकडून स्कॅनरचा रिपोर्ट येतो. त्यातले बरेचसे शेरे रिस्पॉन्स हेडरवर असतात. मग वरून निरोप येतो, "काहीही करा, पण रिपोर्ट क्लीन करून द्या." आज मी या 'काहीही करा'बद्दल बोलणार आहे.

स्कॅनर सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवतो, उत्तरात आलेले हेडर वाचतो आणि स्वतःजवळच्या यादीशी ताडून बघतो. हे पान लॉगिनचं आहे की नुसतं रिडायरेक्ट, हे त्याला बहुतेक वेळा कळत नाही. म्हणून त्याचा शेरा हा प्रश्न समजायचा, निकाल नव्हे. आणि प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं. तीन उदाहरणं बघू.

पहिला शेरा: 'एक्स-एक्सएसएस-प्रोटेक्शन हेडर नाही.' हा हेडर ब्राउझरमधल्या एका फिल्टरला सूचना द्यायचा. क्रोमने तो फिल्टर २०१९ मध्ये ७८व्या आवृत्तीत काढून टाकला. एजने त्याआधीच काढला होता आणि फायरफॉक्सने तो कधी बसवलाच नव्हता. शिवाय त्या फिल्टरचाच गैरवापर करून पानावरची चांगली स्क्रिप्ट बंद पाडता येत असे. म्हणून ओवास्पचा सल्ला आहे, की हा हेडर लावू नका, किंवा त्याची किंमत शून्य ठेवा. इथे उत्तर 'लागू नाही' असं द्यायचं, आणि कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी नसेल तर ती लावायच्या कामाला लागायचं.

दुसरा शेरा: 'पोर्ट ८० वर एचएसटीएस नाही.' नसायलाच हवा! २०१२ च्या आरएफसी ६७९७ प्रमाणे साध्या एचटीटीपीवर हा हेडर पाठवायचाच नसतो. पाठवला तरी ब्राउझरने तो दुर्लक्षित करायचा असतो. 'कर्ल'ने एचटीटीपीएसचं उत्तर तपासा. तिथे हेडर असेल तर तेच आउटपुट पुरावा म्हणून जोडा.

तिथेही नसेल, तर लावायलाच हवा. पण घाईत मुख्य डोमेनवर 'इन्क्लूड-सबडोमेन्स'सकट एक वर्षाची, म्हणजे ३,१५,३६,००० सेकंदांची मुदत टाकू नका. एखाद्या सबडोमेनवर हजेरीचं जुनं ॲप फक्त एचटीटीपीवर चालत असेल, तर मुख्य साइट उघडलेल्या प्रत्येक ब्राउझरमध्ये ते बंद पडेल. नंतर हेडर काढून भागत नाही, कारण ब्राउझर ते लक्षात ठेवतो. मुदत शून्य करून तोच हेडर पाठवावा लागतो, आणि माणसाने मुख्य साइट पुन्हा उघडेपर्यंत तोही पोहोचत नाही. म्हणून आधी सगळी सबडोमेन मोजा, ३०० सेकंदांपासून सुरुवात करा आणि मग वाढवत न्या.

तिसरा शेरा: 'अपाचे २.४.३७ जुना आहे, त्यात अमुक सीव्हीई आहेत.' इथे दोन्ही बाजूंनी फसायला होतं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मध्ये हाच आकडा दिसतो, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच आवृत्तीत मागून घातल्या जातात. म्हणून पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये तो सीव्हीई क्रमांक शोधा. सापडला, तर ती ओळ जोडा. नाही सापडला, तर 'फॉल्स पॉझिटिव्ह' लिहून मोकळं होऊ नका. रेड हॅटच्या सुरक्षा पानावर त्या सीव्हीईची स्थिती बघा, आणि दुरुस्ती बाकी असेल तर अपडेट करा. सर्व्हर हेडरमधून आकडा लपवला की स्कॅनर गप्प बसतो. भोक असेल तर ते मात्र तसंच राहतं.

उत्तर लेखी द्या. कोणता शेरा, कोणता पत्ता, काय पाठवलं, काय आलं, कोणत्या मानकाचा आधार आणि निर्णय काय, एवढं पुरे. निर्णय तीनच: दुरुस्त केलं, लागू नाही, किंवा धोका स्वीकारला. तिसऱ्यावर सही सिस्टीमच्या मालकाची हवी, डेव्हलपरची नव्हे; शिवाय पुन्हा तपासण्याची तारीखही हवी.

ऑडिटर सर्ट-इनच्या पॅनेलवरचा असो की कंपनीतलाच, पुराव्यासकट आलेलं उत्तर त्यालाही सोयीचं असतं. त्यालाही फाइल पुढे पाठवायची असते. आणि पुढच्या वर्षी तोच शेरा आला, की तुमच्या जागी आलेल्या माणसाला सगळं पहिल्यापासून शोधावं लागणार नाही.